६० व्या वर्षी नौदलानं निवृत्त केलं, सातच महिन्यांत परत बोलावलं. कोबॉलला वळण लावणाऱ्या ग्रेस हॉपर यांची गोष्ट

एप्रिल २०२०. कोरोनामुळे अमेरिकेत लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता. न्यू जर्सी राज्यात मात्र भलतंच घोडं अडलं. हे अर्ज ज्या सरकारी यंत्रणेतून जायचे, ती चाळीस वर्षांहून जुन्या मेनफ्रेम कॉम्प्युटरवर चालत होती. शेवटी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांना पत्रकारांसमोर आवाहन करावं लागलं, की कोबॉल येणारे स्वयंसेवक असतील तर त्यांनी पुढे यावं.

कोबॉल ही प्रोग्रामिंगची भाषा. जन्म १९५९ सालचा. ती ज्यांना चांगली यायची त्यातले कित्येक जण केव्हाच निवृत्त होऊन नातवंडांत रमले होते. कुणी वीस वर्षांपूर्वी शेवटची ओळ लिहिलेली, कुणी तीस. त्याच महिन्यात आयबीएमनं कोबॉलचं मोफत प्रशिक्षण सुरू केलं. नव्या पोरांना भाषा शिकवायची होती आणि जुन्या जाणत्यांना ती आठवून द्यायची होती.

सोशल मीडियावर तेव्हा या बातमीचे भरपूर मीम्स झाले. पण निवृत्त माणसाला कोबॉलसाठी परत बोलावण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. असाच एक बुलावा १९६७ साली अमेरिकेच्या नौदलातून गेला होता. ज्यांना तो गेला त्या बाईंचं वय होतं ६०, आणि कोबॉल ज्या भाषेतून जन्माला आली ती भाषा त्यांनीच बनवली होती.

त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

सात घड्याळं आणि एक आई

९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये ग्रेस ब्रूस्टर मरेचा जन्म झाला. तीन भावंडांत ती थोरली. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला तिनं एक घड्याळ खोललं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती. आईनं बडवलं वगैरे नाही, फक्त इथून पुढं एकच घड्याळ खोलायचं असं बजावलं.

व्हॅसार कॉलेजात पहिल्या प्रयत्नात तिला प्रवेश मिळाला नाही. कारण लॅटिन कच्चं. वर्षभर थांबून ती पुन्हा गेली, १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि पुढे येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी केली. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं होतं आणि व्हॅसारमध्येच शिकवण्याची नोकरीही लागली होती.

तिच्या शिकवण्यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कामाशी जोडलेली आहे. संभाव्यतेच्या वर्गात ती मुलींना गणिताच्या सूत्रावर निबंध लिहायला लावायची आणि भाषेच्या चुका काढायची. मुली कुरकुरायच्या, की हा गणिताचा तास आहे, इंग्रजीचा नाही. तिचं म्हणणं साधं होतं. कितीही गणित आलं, तरी ते दुसऱ्याला सांगता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. ग्रेस यांना नौदलात जायचं होतं. नौदलाच्या लेखी त्यांचं वय जास्त होतं आणि वजन कमी. किमान वजन १२० पौंड लागायचं, त्यांचं भरलं १०५. वर गणिताच्या प्राध्यापिका, म्हणजे त्यांनी वर्गातच राहणं देशाच्या जास्त उपयोगाचं. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. वजनाची सवलत मिळवली, कॉलेजकडून रजा मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. वय ३७. बरोबरच्या मुली त्यांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्या तुकडीत पहिल्या आल्या.

५१ फुटांचा कॉम्प्युटर

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथं हॉवर्ड एकेन नावाच्या कडक माणसाच्या हाताखाली मार्क वन नावाचं यंत्र चालायचं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन पाचेक टन. सेकंदाला तीन बेरजा करायचं. आज हसू येईल, पण तेव्हा माणसांच्या अख्ख्या तुकडीला जे गणित आठवडेच्या आठवडे पुरायचं, ते हे यंत्र रात्रंदिवस न थकता काढायचं.

एकेन यांनी पहिल्याच दिवशी यंत्र दाखवलं आणि एक गणित हातात ठेवलं. २३ अंकांपर्यंत अचूक उत्तर हवं, तेही आठवड्याभरात. शिकवायला कुणी नाही, पुस्तक नाही, कारण या विषयावर पुस्तकच नव्हतं. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल हे दोन तरुण अधिकारी आधीपासून तिथं होते, त्यांच्याकडून विचारत विचारत त्या शिकल्या. कागदी पट्टीवर भोकं पाडायची, कुठं भोक आणि कुठं नाही यावरून यंत्राला कळणार काय करायचं. पुढं या यंत्राची पाचशेहून जास्त पानांची माहितीपुस्तिका एकेन यांनी त्यांच्याकडूनच लिहून घेतली.

इथं त्यांना अजून एक गोष्ट कळली. यंत्राची भाषा एकदा शिकून भागत नाही. आज पाणसुरुंगांचं गणित, उद्या तोफगोळ्याच्या फ्यूजचं, परवा समुद्रशास्त्राचं. प्रत्येक खात्याचे शब्द वेगळे आणि ते आल्याशिवाय गणित मांडताच येत नाही. १९४४ मध्येच जॉन फॉन नॉयमन एक गणित घेऊन आले होते. ते अणुबॉम्बसाठी होतं, हे तिथल्या मंडळींना नंतर समजलं.

ग्रेस हॉपर म्हटलं की लोकांना पतंगाची गोष्ट आठवते. तीही इथलीच. ९ सप्टेंबर १९४७ ला मार्क टू यंत्राच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला आणि तो चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. वही अजून जपलेली आहे. पण यावरून बग हा शब्द हॉपर यांनी शोधला असं जे फॉरवर्ड फिरतं, ते खरं नाही. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासून होती. तो पतंगही त्यांना स्वतःला सापडला नव्हता. त्यांनी ही गोष्ट पुढची चाळीस वर्षं इतकी रंगवून सांगितली की ती त्यांच्याच नावावर चढली.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. नौदलात कायम व्हायला अर्ज केला, तर वय जास्त म्हणून नकार आला. राखीव दलात मात्र राहू दिलं. व्हॅसारनं प्राध्यापकपद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही आणि हार्वर्डला संशोधक म्हणून थांबल्या. १९४९ मध्ये तिथला करारही संपला. या वर्षांत दारूचं प्रमाण फार वाढलं होतं आणि जवळच्या मित्रांना काळजी वाटावी इथपर्यंत गोष्ट गेली होती. त्यांच्या चरित्रातला हा भाग सहसा गाळला जातो. पण पुढं जे घडलं ते या पडझडीतून उठून घडलं, म्हणून तो माहीत असलेला बरा.

चेकबुकातला घोळ

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. व्यापारी वापरासाठी युनिव्हॅक हा कॉम्प्युटर बनवणारी ही छोटी कंपनी. हार्वर्डला शिकलेलं बरंचसं इथं निरुपयोगी होतं. यंत्र नवीन, त्याच्या आज्ञा नवीन. वय ४२ आणि पुन्हा श्रीगणेशा.

कंपनीच्या बायनॅक नावाच्या यंत्रासाठी त्यांना अष्टमान पद्धत शिकावी लागली. म्हणजे ८ आणि ९ हे अंकच नाहीत, ७ नंतर थेट १०. आपल्याकडं ४२ मधून १७ गेले की २५ उरतात, अष्टमानात त्याचं उत्तर २३ येतं. ग्रेस यांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं अष्टमानात पक्कं केलं. इतकं पक्कं, की महिनाअखेरीला त्यांचं चेकबुक जुळेना. बँकेची शिल्लक एक सांगायची, त्यांचा हिशेब दुसरंच. तीन महिने हा घोळ चालला. शेवटी भाऊ रॉजर, जो बँकेतच होता, त्याच्यापुढं हिशेब टाकला. त्यानं बसून शोधून काढलं की गणितात पीएचडी केलेली ही बाई मधूनच एखादी वजाबाकी अष्टमानात करते आहे.

हा किस्सा त्या हसत सांगायच्या, पण त्यातून त्यांना मोठा प्रश्न पडला. यंत्र बदललं की दर वेळी माणसानंच आपलं डोकं यंत्रासारखं का फिरवून घ्यायचं? यंत्रानं माणसाची भाषा शिकायला काय हरकत आहे?

तेव्हा प्रोग्रामर मंडळींकडे वह्या असायच्या. वर्गमूळ काढायचे किंवा साइनचं मूल्य काढायचे तयार तुकडे त्यात लिहून ठेवलेले. हवा तो तुकडा मित्राच्या वहीतून उतरवून घ्यायचा आणि त्यातले पत्ते आपल्या प्रोग्रामप्रमाणे बेरीज करून बदलायचे. घोटाळा इथंच व्हायचा. माणसाला नीट उतरवून घेता येत नाही आणि नीट बेरीजही येत नाही. रिकाम्या जागेसाठी त्रिकोणासारखी डेल्टाची खूण होती, ती घाईत इंग्रजी ४ सारखी दिसायची. बी अक्षराचे १३ व्हायचे. ग्रेस यांना वाटलं, उतरवणं आणि बेरीज करणं ही तर यंत्राचीच कामं.

मग त्यांनी प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक दिला आणि सगळे तुकडे चुंबकीय टेपवर साठवले. प्रोग्रामरनं फक्त क्रमांक लिहायचे. यंत्र टेपवरून तुकडे उचलणार, पत्ते बदलणार आणि पूर्ण प्रोग्राम जोडून देणार. १९५२ पर्यंत हा ए-झिरो नावाचा कंपायलर तयार झाला. आजच्या व्याख्येनं तो कंपायलर कमी आणि जोडणी करणारा प्रोग्राम जास्त होता, पण प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम ही कल्पनाच लोकांच्या पचनी पडेना. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा लिहील, असं जाणकार त्यांना ऐकवत होते.

त्यांची पुढची पायरी आणखी धाडसी होती. गणितवाल्यांना चिन्हं आवडतात हे ठीक, पण पगारपत्रक आणि गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्यांना शब्द लागतात. त्यांना साध्या इंग्रजीत लिहू द्यावं. कंपनीच्या वरिष्ठांना पटवायला त्यांनी छोटा नमुना बनवला आणि उत्साहात तोच प्रोग्राम इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. यंत्राला काय, शब्द बदलला तरी आत जाणारी खूण तीच. पण फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन यंत्र फ्रेंच आणि जर्मन समजतं, हे बघून साहेब लोक हबकले. आम्ही फक्त इंग्रजीतच करू, हे गळी उतरवण्यात चार महिने गेले.

यातून आली फ्लो-मॅटिक. इंग्रजी शब्दांत लिहायची, व्यवसायाच्या हिशेबासाठीची पहिली भाषा. आणि तिच्यातून कोबॉल.

कोबॉलची आई कोण, हाही फॉरवर्डमधला आवडता प्रश्न. खरी हकिगत अशी, की १९५९ मध्ये बरोज कंपनीतल्या मेरी हॉज यांनी सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा हवी हा विषय काढला. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छोटी बैठक झाली, तिथं ग्रेस होत्या. मे अखेरीस पेंटॅगॉनमध्ये संरक्षण खात्यानं मोठी बैठक भरवली. प्रत्यक्ष आराखडा जीन सॅमेट, गर्ट्रूड टिअर्नी आणि आणखी चौघे अशा सहा जणांनी बसून केला. ग्रेस त्या सहांत नव्हत्या, त्या सल्लागार होत्या. पण समोर कित्ता होता फ्लो-मॅटिकचाच. काम इतकं रेंगाळतंय असं वाटलं की समितीतल्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी कोबॉल असं नाव कोरलेला थडग्याचा दगड विकत घेऊन प्रमुखांना पाठवून दिला होता. भाषा जन्मायच्या आधीच मेली, असा टोमणा. तरी डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळपास न बदलता चालला. तो दगड पुढं कॉम्प्युटरच्या इतिहासाची वस्तू म्हणून जपला गेला.

निवृत्तीचं पत्र

१९६६ साली नौदलाचं पत्र आलं. राखीव दलातली सेवा २० वर्षांहून जास्त झाली आहे आणि वय ६० होतं आहे, तेव्हा निवृत्तीचा अर्ज करावा. दोन्ही गोष्टी त्यांना माहीत होत्या. ३१ डिसेंबर १९६६ ला त्या कमांडर हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. कंपनीतली नोकरी होती, पैशाची अडचण नव्हती. पण तो दिवस आयुष्यातला सर्वांत दुःखाचा होता, असं त्या पुढं सांगत राहिल्या.

सात महिन्यांनी, १ ऑगस्ट १९६७ ला, नौदलानं त्यांना परत कामावर घेतलं. मुदत सहा महिने.

तर झालं असं होतं, की सगळ्यांसाठी एकच भाषा म्हणून आणलेल्या कोबॉलची सात वर्षांत चाळण झाली होती. आपल्याकडं म्हणतात ना, दर बारा कोसांवर भाषा बदलते, तसं. वऱ्हाडी आणि मालवणी दोन्ही मराठीच, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला दोनदा विचारावं लागतं. यंत्राला तर दोनदा विचारायचीही सोय नाही. प्रत्येक कंपनीनं आपल्या कंपायलरमध्ये स्वतःचे चार शब्द घातले, अवघड वाटलेल्या चार गोष्टी गाळल्या, काही नियमांचा अर्थ आपल्यापुरता लावला. नौदलानं वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं घेतलेली. एका तळावर नीट चालणारा प्रोग्राम दुसऱ्या तळावर नेला की अडायचा. यंत्र बदललं की प्रोग्राम पुन्हा लिहा, माणसं पुन्हा शिकवा.

ज्या कटकटीतून माणसाची सुटका करायची म्हणून त्यांनी भाषा बनवली होती, तीच कटकट त्या भाषेच्या नावानं परत आली होती.

या कामातली गोम समजून घ्यायला हवी. स्वतः घडवलेली भाषा परत शिकणं सोपं असेल असं वाटतं. उलट ते जास्त अवघड. नवख्याला निदान पाटी कोरी असते. जुन्या माणसाच्या डोक्यात नियम पक्के बसलेले असतात आणि त्यातले काही आता खोटे झालेले असतात, पण कोणते, ते आठवणीतून कळत नाही. ग्रेस यांच्यापुढं तर सात वर्षांत बदललेल्या एका कोबॉलऐवजी एकाच वेळी अनेक कोबॉल उभी होती. त्यातलं खरं कोणतं हे सांगायचा अधिकार आठवणीला देऊन चालणार नव्हतं.

त्यांनी उपाय काढला तो मास्तरणीचा. परीक्षा घ्यायची.

कोबॉलच्या एकेका नियमासाठी छोटे छोटे चाचणी प्रोग्राम लिहायचे. अमुक आज्ञा दिली तर उत्तर अमुकच यायला हवं. कंपनीचा कंपायलर आणायचा, त्यातून हे सगळे प्रोग्राम पार करायचे आणि कुठं उत्तर चुकतं याची यादी कंपनीच्या हातात ठेवायची. आमचं कोबॉल प्रमाणित आहे असं विक्रेत्यानं सांगून भागत नाही, निकालपत्रक बोलतं. १९६८ मध्ये कोबॉलचं पहिलं अमेरिकन राष्ट्रीय प्रमाणक मंजूर झालं आणि या चाचण्यांना धरायला खुंटी मिळाली. नौदलापुरतं सुरू झालेलं हे काम पुढं सरकारभर पसरलं. अमेरिकी सरकारला कोबॉल कंपायलर विकायचा तर त्याची चाचणी द्या, असा नियमच झाला. कोबॉल एवढी टिकली त्यात या रटाळ वाटणाऱ्या चाचण्यांचा वाटा मोठा आहे. पतंगाच्या गोष्टीपुढं या कामाला कुणी विचारत नाही, हे मात्र खरं.

पेंटॅगॉनमधलं त्यांचं ऑफिस हाही एक नमुना होता. भिंतीवर उलटं फिरणारं घड्याळ, कारण आजवर असंच चालत आलंय हे वाक्य त्यांना सहन व्हायचं नाही. टेबलावर चाच्यांचा कवटीचा झेंडा. ऑफिसला फर्निचर मिळेना तेव्हा त्यांच्या पोरांनी रात्री इतर खात्यांतून जे खिळ्यानं ठोकलेलं नाही ते उचलून आणलं, अशी कथा सांगतात.

सहा महिन्यांची मुदत संपली तेव्हा ती अनिश्चित काळासाठी वाढवली गेली. १९७१ मध्ये कंपनीतून त्या रीतसर निवृत्त झाल्या, १९७३ मध्ये नौदलात कॅप्टन झाल्या.

त्या काळात कोबॉल शिकलेला माणूस आज परत आला तर त्याला काय दिसेल? प्रोग्रामचे चार भाग तेच. प्रोग्रामची ओळख, यंत्राची माहिती, डेटाचं वर्णन आणि प्रत्यक्ष कृती. मूव्ह, अॅड, परफॉर्म हे शब्दही तेच. पंच कार्डाच्या ८० रकान्यांवरून आलेली शिस्तही जुन्या प्रोग्राममध्ये तशीच, म्हणजे पहिले सहा रकाने ओळीच्या क्रमांकाला, सातवा खुणेला, मजकूर आठव्यापासून. इथवर वाटतं सगळं आठवतंय.

मग पूर्णविराम येतो. जुन्या कोबॉलमध्ये इफची अट कुठं संपते हे पूर्णविराम ठरवायचा. एक ठिपका चुकीच्या ओळीवर पडला तर ज्याचा पगार थांबवायचा त्याचा निघायचा. १९८५ च्या प्रमाणकात अट बंद करायला एंड-इफ हा वेगळा शब्द आला. त्याआधी शिकलेल्यांचा हात तरीही सवयीनं ठिपक्याकडं जातो. ऑल्टर नावाची आज्ञा होती, चालू प्रोग्रामची वाट मधेच बदलणारी. ती १९८५ मध्ये कालबाह्य ठरवली आणि २००२ च्या प्रमाणकातून काढूनच टाकली. पण बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये ती अजूनही भेटू शकते. म्हणजे परतलेल्याला नवं शिकायचं आणि जुनं विसरायचं नाही, दोन्ही एकदम.

एक फूट वायर

१९७७ नंतर नौदलाच्या डेटा विभागाच्या सल्लागार म्हणून त्या देशभर व्याख्यानं देत फिरल्या. उंचीनं बारीक, चष्मा, कडक इस्त्रीचा गणवेश. पिशवीत वायरचे तुकडे, प्रत्येक जेमतेम एक फुटाचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढाच पुढं जातो. उपग्रहावरून संदेश यायला वेळ का लागतो, असं एखादा ॲडमिरल विचारायचा, तेव्हा त्याच्या हातात हा तुकडा ठेवायच्या. इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील, मोजा.

मार्च १९८३ मध्ये सिक्स्टी मिनिट्स या टीव्ही कार्यक्रमात त्या झळकल्या. तो कार्यक्रम बघून फिलिप क्रेन या खासदारानं त्यांच्या बढतीचा ठराव मांडला आणि वयाच्या ७७ व्या वर्षात त्या कमोडोर झाल्या. १९८५ मध्ये या हुद्द्याचं नाव रिअर ॲडमिरल झालं. भरतीच्या वेळी वय जास्त म्हणून नाक मुरडणारं हेच ते नौदल.

१४ ऑगस्ट १९८६ ला त्या अखेर निवृत्त झाल्या. समारंभासाठी त्यांनी बोस्टनमधलं यूएसएस कॉन्स्टिट्यूशन हे जहाज निवडलं, १७९७ मध्ये पाण्यात उतरलेलं आणि अजून नौदलाच्या सेवेत असलेलं. वय ७९ वर्षं ८ महिने. तेव्हा सेवेत असलेल्या त्या सर्वांत वयस्कर अधिकारी होत्या. सहा महिन्यांसाठी बोलावलेल्या बाईंनी १९ वर्षं काम केलं होतं. घरी बसणं जमणार नव्हतंच. लगेच डिजिटल इक्विपमेंट या कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या आणि व्याख्यानं चालू ठेवली.

त्यांची एक इच्छा होती. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र बघायची. शतक बदलतानाची पार्टी कशी असते ते अनुभवायचं, आणि कॉम्प्युटरला हे जमणार नाही म्हणणाऱ्या सगळ्यांना मागं वळून दाखवायचं. ते झालं नाही. १ जानेवारी १९९२ ला, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टनमध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप दिला गेला. १९९७ मध्ये नौदलात दाखल झालेल्या एका विनाशिकेला त्यांचं नाव आहे.

ज्या रात्रीची त्यांना ओढ होती, ती रात्र कोबॉलवाल्यांनी भलत्याच पद्धतीनं काढली. जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहायची जुनी सवय, त्यामुळे २००० साल उजाडलं की यंत्रांना ते १९०० वाटणार होतं. हाच तो वायटूके. अमेरिकेत निवृत्त प्रोग्रामरना घरून बोलावणं गेलं. काम एवढं होतं की ते भारतातही आलं, आणि मुंबई-पुण्यातल्या आयटी कंपन्यांत कित्येक मराठी पोरांनी कोबॉल शिकून दुसऱ्या कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी एकेक करून तपासल्या. ३१ डिसेंबरच्या रात्री बाहेर फटाके वाजत होते आणि यातले बरेच जण ऑफिसात स्क्रीनसमोर बसून बारा वाजायची वाट बघत होते.